कर्नलमधलं एक पेज लिहिण्यासाठी बंद कसं करायचं

मी लिहिलेल्या छोट्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, सिस्टीम कॉलचं (प्रोग्रॅम कर्नलकडे मागतात त्या सेवांचं) एक टेबल आहे. ९६ फंक्शन पॉइंटर, एकापाठोपाठ एक, सगळे मेमरीच्या एकाच पेजवर. बूट संपत आलं की ते पेज मी 'फक्त वाचा' असं करून टाकते. तरीही भार वाढला की ६४ क्रमांकाच्या नोंदीत कधीतरी भलताच पत्ता येऊन बसायचा. कुठलं पेज मेमरीत कुठे आहे आणि त्याला कोणती परवानगी आहे, हे प्रोसेसरला सांगणारं पेज टेबल छापून पाहिलं, तर परवानगी अगदी बरोबर होती. जिथे लिहिता यायलाच नको तिथे कुणीतरी लिहीत होतं आणि प्रोसेसर काहीच तक्रार करत नव्हता.

कारण सापडायला सहा दिवस लागले. वाटेत आणखी तीन चुका सापडल्या. त्यांतली एकही या बगचं कारण नव्हती, पण प्रत्येक चूक स्वतंत्रपणे घातक होती. तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. परवानगी वाढवायची तर एक बिट बदलला की बहुतेक वेळा काम होतं. परवानगी काढून घ्यायची तर ती आधी कुठे कुठे पोचली आहे, ते सगळं शोधून प्रत्येक ठिकाणी बंद करावं लागतं. म्हणून इथे मी काढून घेण्याचाच क्रम सांगणार आहे. उदाहरणं एक्स८६च्या ६४ बिट प्रोसेसरची आहेत. आर्म आणि रिस्क-फाइव्ह या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरांवर जिथे महत्त्वाचा फरक पडतो, तिथे तो सांगेन.

आधी नोंद वाचायला शिका

परवानगी पेजला मिळते, व्हेरिएबलला किंवा ॲरेला मिळत नाही. इथे पेज म्हणजे ४०९६ बाइट. तुमचं टेबल ७६८ बाइटचं असलं, तरी त्याच्या शेजारी त्याच पेजवर जे काही असेल तेही बंद होणार. म्हणून पहिलं काम लिंकर स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कर्नलचा कुठला भाग मेमरीत कुठे बसेल ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये, करायचं. कोड, न बदलणारा डेटा, बूटनंतर कुलूपबंद करायचा डेटा आणि बदलता डेटा, या प्रत्येकाला वेगळा सेक्शन द्या. प्रत्येक सेक्शनची सुरुवात आणि शेवट ४०९६च्या पटीत आणा आणि दोन्ही टोकांना सिम्बॉल (त्या पत्त्याचं नाव) ठेवा. लिनक्स कर्नलमध्ये 'इनिटनंतर फक्त वाचा' अशी खूण व्हेरिएबलवर करता येते. ती सोय २०१६ सालच्या ४.६ आवृत्तीपासून आहे आणि तिच्यामागे हीच युक्ती आहे. खूण केलेली व्हेरिएबलं एका सेक्शनमध्ये गोळा होतात आणि बूट संपताना तो अख्खा भाग बंद होतो.

पेज टेबलाची नोंद ८ बाइटची असते. आपल्या कामाचे बिट चारच. बिट ० म्हणजे पेज हजर आहे. बिट १ म्हणजे लिहिता येतं. बिट २ म्हणजे यूजर मोडमधून, म्हणजे साध्या प्रोग्रॅममधून, पोचता येतं. बिट ६३ म्हणजे इथला मजकूर कोड म्हणून चालवू नये. वाचण्यासाठी वेगळा बिट नाही, जे हजर आहे ते वाचता येतं. रिस्क-फाइव्हवर वाचा, लिहा आणि चालवा असे तीन वेगळे बिट आहेत. तिथे वाचण्याशिवाय फक्त लिहिण्याची परवानगी द्यायला गेलात, तर ती जोडी राखीव ठरते. आणि तिन्ही बिट शून्य असतील, तर ती नोंद पेजची नसून पुढच्या पातळीच्या टेबलाची असते. एक्स८६ची सवय असलेला माणूस तिथे पहिल्याच दिवशी अडखळतो.

नोंद एकटी नसते. ४ पातळ्या असतात, प्रत्येक टेबलात ५१२ नोंदी. प्रोसेसर सगळ्या पातळ्यांचे बिट एकत्र करून निर्णय घेतो. लिहिण्याचा आणि यूजरचा बिट चारही पातळ्यांवर १ असेल, तरच परवानगी मिळते. 'चालवू नका' हा बिट मात्र कुठल्याही एका पातळीवर १ असला, तरी खालचं सगळं बंद. माझं मत स्पष्ट आहे: वरच्या तीन पातळ्या मोकळ्या ठेवा आणि बंधनं फक्त शेवटच्या पातळीवर घाला. वरच्या पातळीवर यूजर बिट शून्य राहिल्यामुळे खालचं बरोबर पेज का चालत नाही, हे शोधण्यात मी पूर्वी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. बंधन एकाच ठिकाणी असलं की शोधही एकाच ठिकाणी घ्यावा लागतो.

प्रोसेसरला ते बिट पाळायला सांगा

माझी पहिली चूक इथे सापडली. लिहिण्याचा बिट शून्य केला, तरी कर्नल मोडमधला कोड त्या पेजवर बिनदिक्कत लिहू शकतो. तो अडवायचा असेल, तर सीआर० या रजिस्टरमधला १६ क्रमांकाचा डब्ल्यूपी बिट १ करावा लागतो. रीसेट झाल्यावर तो शून्य असतो. १९८५च्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये हा बिटच नव्हता. तो १९८९च्या ८०४८६मध्ये आला. फोर्क झाल्यावर, म्हणजे एका प्रोसेसपासून तिच्यासारखीच दुसरी निघाल्यावर, आई आणि मूल दोघांची पेजं 'फक्त वाचा' करायची आणि कुणी लिहायला गेलं की मगच प्रत काढायची, ही पद्धत या बिटावर टेकलेली आहे. यूजरच्या वतीने कर्नल स्वतः त्या पेजवर लिहायला जातो, तेव्हाही फॉल्ट, म्हणजे प्रोसेसरची तक्रार, यायलाच हवा. नाहीतर मुलाचा डेटा आईच्या पेजवर उमटतो.

बिट ६३चंही तसंच आहे. तो चालू होण्याआधी ईएफईआर या मॉडेल-स्पेसिफिक रजिस्टरमधला ११ क्रमांकाचा एनएक्सई बिट १ करायला हवा. तो शून्य असताना बिट ६३ राखीव मानला जातो. मग ती नोंद वापरली की लगेच पेज फॉल्ट येतो, निव्वळ वाचलं तरीसुद्धा. त्या वेळी इंटरप्ट टेबल (फॉल्ट आला की कुठला कोड चालवायचा त्याची यादी) अजून बसवलेलं नसेल, तर यंत्र थेट रीसेट होतं आणि पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी एनएक्सई, मग बिट ६३ असलेल्या पेज टेबलाचा पत्ता सीआर३ या रजिस्टरमध्ये.

डब्ल्यूपी १ केला. बग तसाच राहिला.

दुसरी चूक पहिलीच्याच पोटातली. सीआर०, सीआर४ आणि ईएफईआर ही रजिस्टरं प्रत्येक कोरची स्वतंत्र असतात. मी डब्ल्यूपी फक्त बूट करणाऱ्या कोरवर लावला होता. बाकीचे तीन कोर जागे झाले, ते स्वतःच्या कोऱ्या रजिस्टरांसह. म्हणजे एका कोरवर पेज बंद होतं आणि तीन कोरांवर उघडं. आता मी हे सगळे बिट लावणारं एकच फंक्शन लिहिलं आहे आणि प्रत्येक कोर सुरू होताना सर्वांत आधी तेच धावतं. त्यात सीआर४मधले आणखी दोन बिटही आहेत. एसएमईपी, बिट २०, कर्नलला यूजरच्या पेजवरचा कोड चालवू देत नाही. एसएमएपी, बिट २१, कर्नलला यूजरचा डेटा सहज चाळू देत नाही. खरोखर चाळायचा असेल तेव्हा एसटीएसी आणि सीएलएसी या दोन इन्स्ट्रक्शनच्या मधेच ते करायचं. हे बिट लावण्याआधी सीपीयूआयडी या इन्स्ट्रक्शनने विचारून प्रोसेसरकडे ती सोय आहे का ते बघा. नसताना लावलात, तर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येईल.

जुनी परवानगी टीएलबीतून पुसा

पेज टेबल मेमरीत असतं, पण प्रोसेसर प्रत्येक वेळी तिथे जात नाही. एकदा काढलेलं उत्तर तो टीएलबी नावाच्या स्वतःच्या छोट्या साठ्यात ठेवतो, परवानगीसकट. तुम्ही मेमरीतला बिट शून्य केलात, तरी टीएलबीत 'लिहिता येतं' असं जुनं उत्तर असेल, तर लिहिणं सुरूच राहतं. माझी तिसरी चूक इथे होती आणि ती आडवाटेने सापडली. टेबल बंद केल्यावर मी सीआर३ पुन्हा भरत होते. त्याने टीएलबी रिकामा होतो असं मी धरून चालले होते. तो होतो, पण ज्या नोंदींवर ८ क्रमांकाचा ग्लोबल बिट लावलेला असतो, त्या मात्र टिकून राहतात. कर्नलची पेजं वेगाने मिळावीत म्हणून मी स्वतःच तो बिट लावला होता. अशा पेजसाठी इनव्हीएलपीजी ही इन्स्ट्रक्शन त्या पत्त्यावर चालवा. पेजं खूप असतील, तर सीआर४मधला पीजीई बिट शून्य करून पुन्हा १ करा.

हे झालं एका कोरचं. दुसऱ्या कोरच्या टीएलबीत हात घालणारी इन्स्ट्रक्शन एक्स८६च्या बहुतेक प्रोसेसरांवर नाही. त्या कोरला इंटरप्ट पाठवून सांगावं लागतं: तू तुझ्याकडचं पूस आणि पुसल्याचं कळव. सगळ्यांचं उत्तर येईपर्यंत पाठवणाऱ्याने थांबायचं. थांबण्याला पर्याय नाही, कारण उत्तर येण्याआधी तुम्ही ते पेज सुरक्षित समजून पुढे गेलात, तर मधल्या काळात दुसरा कोर त्यावर लिहू शकतो. आर्मवर हे हार्डवेअरच करतं. टीएलबीआय इन्स्ट्रक्शनचं प्रसारित होणारं रूप वापरा आणि त्यानंतर डीएसबी, आयएसबी द्या. रिस्क-फाइव्हची एसफेन्स-व्हीएमए मात्र फक्त स्वतःच्या कोरपुरती चालते, बाकीच्यांसाठी फर्मवेअरच्या एसबीआय कॉलची मदत घ्यावी लागते.

या थांबण्यात एक सापळा आहे. पहिल्या कोरने पेज टेबलाचं लॉक धरलं, इंटरप्ट पाठवला आणि तो वाट बघतोय. दुसरा कोर इंटरप्ट बंद करून त्याच लॉकसाठी घिरट्या घालतोय. त्याला इंटरप्ट घेता येत नाही, म्हणून उत्तर देता येत नाही. पहिला लॉक सोडत नाही. यंत्र कायमचं गोठतं. मी घातलेला नियम साधा आहे: पेज टेबलाच्या लॉकसाठी थांबणाऱ्या कोरने इंटरप्ट बंद ठेवायचे नाहीत. ते जमत नसेल, तर घिरट्या घालतानाच आपल्या नावाची पुसण्याची विनंती तपासत राहायचं.

आणि बिट बदलतानाही सांभाळा. नोंद वाचली, बिट १ पुसला, परत लिहिली, असं तीन पायऱ्यांत केलंत, तर मधल्या क्षणात दुसऱ्या कोरचं हार्डवेअर त्याच नोंदीत ६ क्रमांकाचा, 'पेज बदललं आहे' सांगणारा डर्टी बिट लावू शकतं. तुम्ही परत लिहिलेल्या जुन्या किमतीखाली तो गाडला जातो. मग डिस्कवर जायला हवं असलेलं पेज 'बदललेलंच नाही' म्हणून फेकलं जातं. लॉक उपसर्ग लावलेली अँड इन्स्ट्रक्शन वापरा, म्हणजे बदल एका झटक्यात होतो.

परवानगी वाढवताना यातलं बरंचसं टाळता येतं. दुसऱ्या कोरकडे जुनं, कडक उत्तर शिल्लक असेल, तर फार तर एक फाजील फॉल्ट येईल. एक्स८६वर फॉल्ट येताना त्या पत्त्याचं जुनं उत्तर आपोआप पुसलं जातं. फॉल्ट हाताळणाऱ्या तुमच्या हँडलरने नोंद पुन्हा वाचायची, परवानगी खरंच आहे असं दिसलं तर काही न करता परत फिरायचं. इन्स्ट्रक्शन पुन्हा चालते आणि या वेळी यशस्वी होते.

यूजर प्रोग्रॅममध्ये हेच काम

लिनक्सवर वरचं सगळं पेजची परवानगी बदलणाऱ्या एमप्रोटेक्ट या कॉलच्या मागे लपलेलं असतं. बिट, टीएलबी, दुसरे कोर, सगळं कर्नल बघतो. तुमच्याकडे चार जबाबदाऱ्या उरतात, आणि लोक त्याच विसरतात.

पत्ता पेजच्या सीमेवर हवा, नाहीतर ईइनव्हल ही त्रुटी येते. लांबी मात्र कर्नल वरच्या बाजूला पूर्ण पेजपर्यंत वाढवतो. म्हणजे तुम्ही १०० बाइट म्हणालात, तरी अख्खं पेज बदलतं. पेजचा आकार ४०९६ असं गृहीत धरून कोडमध्ये लिहू नका. ६४ बिट आर्मवर तो ४, १६ किंवा ६४ केबी असू शकतो. सिसकॉन्फ या फंक्शनला विचारा.

जागा एममॅपने, म्हणजे कर्नलकडून थेट पेजं मागणाऱ्या कॉलने, घेतलेली हवी. मॅलॉक या मेमरी देणाऱ्या नेहमीच्या फंक्शनने दिलेल्या जागेवर एमप्रोटेक्ट चालवणं पॉसिक्स या मानकाच्या नियमांनुसार अनिर्दिष्ट आहे. लिनक्सवर ते चालताना दिसतं, तेच जास्त धोक्याचं. त्याच पेजवर मॅलॉकच्या स्वतःच्या हिशेबाच्या नोंदी असतात. तुम्ही पेज बंद करता आणि तिसऱ्याच फंक्शनमध्ये मॅलॉकची जागा परत करणाऱ्या एका निरपराध फ्रीवर प्रोग्रॅम कोसळतो.

परत आलेली किंमत तपासा. हे मी ओरडून सांगेन. एमप्रोटेक्ट अयशस्वी झाला आणि तुम्ही तपासलं नाहीत, तर प्रोग्रॅम सुरळीत चालत राहतो, फक्त तुमचं गुपित उघडं राहतं. तो अयशस्वी होण्याचं एक न सुचणारं कारण असं आहे. एका मोठ्या भागाच्या मधल्याच एका पेजची परवानगी बदलली की कर्नलला त्या भागाचे तीन तुकडे करावे लागतात. एका प्रोसेसला असे किती तुकडे चालतील याला मर्यादा आहे, सहसा ६५,५३०. एका आड एक पेज बंद करणारा ॲलोकेटर (मेमरी वाटणारा कोड) या भिंतीवर आपटतो आणि त्याला ईनोमेम, म्हणजे 'मेमरी नाही', मिळतो, मेमरी भरपूर शिल्लक असताना. विंडोजवर व्हर्च्युअलप्रोटेक्ट वापरताना जुनी परवानगी ठेवायला खरा पॉइंटर द्या. शून्य दिलात, तर कॉलच फसतो.

आणि लिहिणं व चालवणं एकाच वेळी देऊ नका. ओपनबीएसडीने हा नियम २००३ सालच्या ३.३ आवृत्तीत लागू करायला घेतला. त्याच वर्षी एएमडीचे ६४ बिट प्रोसेसर बिट ६३ घेऊन बाजारात आले, आणि २००४मध्ये लिनक्स २.६.८ आणि विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक, दोघेही तो वापरू लागले. धावताना कोड तयार करायचा असेल, तर जागा 'वाचा आणि लिहा' म्हणून घ्या, कोड भरा, मग एमप्रोटेक्टने 'वाचा आणि चालवा' करा. आर्मवर त्याआधी इन्स्ट्रक्शन कॅशे साफ करणारं कंपायलरचं फंक्शन बोलवा. नाहीतर प्रोसेसर तिथला जुना मजकूर चालवेल, आणि तोही कधी कधीच. पुन्हा कधीही बदलायची नाही अशी जागा असेल, तर २०२४च्या लिनक्स ६.१०पासून एमसील हा कॉल आहे. त्यानंतर त्या भागावर एमप्रोटेक्ट, एमअनमॅप आणि एमरीमॅप चालत नाहीत, तुमच्या स्वतःच्या प्रोग्रॅमलाही नाही.

स्टॅकच्या तळाशी परवानगी नसलेलं एक रक्षक पेज ठेवायची पद्धत चांगली आहे, पण तिच्यावर पूर्ण विसंबू नका. एखाद्या फंक्शनमध्ये मोठा ॲरे असेल, तर स्टॅक पॉइंटर एका उडीत ते पेज ओलांडून पलीकडच्या मेमरीत उतरतो. २०१७ साली हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर उघडकीला आली आणि लिनक्सने मुख्य स्टॅकखालची मोकळी जागा १ पेजवरून २५६ पेजवर नेली. जीसीसीमध्ये स्टॅक-क्लॅश-प्रोटेक्शनचा पर्याय आहे. तो लावला की मोठा ॲरे घेताना प्रत्येक पेजला स्पर्श होत जातो, आणि रक्षक पेज चुकवता येत नाही.

एकाच जागेची दुसरी वाट

आता माझ्या टेबलाकडे परत येते. डब्ल्यूपी चारही कोरांवर लावलेला. टीएलबी ग्लोबल नोंदींसकट पुसलेला. आणि ६४ क्रमांकाची नोंद तरीही बदलत होती.

परवानगी आभासी पत्त्याला, म्हणजे कोड वापरतो त्या पत्त्याला, लावलेली असते, प्रत्यक्ष मेमरीला नाही. एकच फ्रेम, म्हणजे प्रत्यक्ष मेमरीचा पेजएवढा तुकडा, दोन आभासी पत्त्यांवर जोडलेली असेल, तर एका वाटेवर कुलूप आणि दुसरी वाट उघडी, असं होऊ शकतं. कधी कधी हे आपल्याला हवं असतं. काही जस्ट-इन-टाइम (धावताना कोड तयार करणारे) कंपायलर मेमएफडी-क्रिएट या कॉलने एक निनावी फाइल घेतात आणि ती दोनदा जोडतात, एकदा लिहिण्यासाठी, एकदा चालवण्यासाठी. पण कर्नलमध्ये ही दुसरी वाट बहुधा आपण आधीच बांधून विसरलेलो असतो. बूट करताना सगळी प्रत्यक्ष मेमरी एका ठरलेल्या अंतरावर सरळ जोडायची, म्हणजे कुठल्याही फ्रेमपर्यंत पोचता येतं. मीही तसंच केलं होतं, २ एमबीची मोठी पेजं वापरून, सगळी लिहिता येणारी. माझं टेबल कर्नलच्या पत्त्यावर बंद होतं आणि या सरळ जोडणीतून सताड उघडं.

ही वाट बंद करायची, तर ते २ एमबीचं पेज फोडावं लागतं. एक नवं टेबल घ्या, त्यात ५१२ नोंदी भरा, प्रत्येक ४ केबीच्या फ्रेमला एक. मोठ्या पेजचे परवानगीचे बिट तसेच उतरवा, फक्त ७ क्रमांकाचा बिट नाही. मोठ्या पेजच्या नोंदीत त्याचा अर्थ 'हे मोठं पेज आहे' असा असतो. ४ केबीच्या नोंदीत तोच बिट मेमरीचा कॅशेप्रकार ठरवणाऱ्या पॅटचा असतो. मोठ्या पेजचा पॅट बिट १२व्या जागी असतो, तो उचलून ७व्या जागी आणायचा. टेबल पूर्ण भरल्यावरच वरची नोंद एका झटक्यात बदला, मग सगळ्या कोरांचा टीएलबी पुसा, मग आतल्या हव्या त्या नोंदीतला लिहिण्याचा बिट काढा आणि पुन्हा पुसा. दोनदा पुसणं जास्तीचं वाटेल. बूटच्या वेळी एकदाच होणारं काम आहे, तिथे मी काटकसर करत नाही.

कुलूप ओढून पाहा

बंद केलेलं पेज खरंच बंद आहे का, हे पेज टेबल छापून कळत नाही. मी सहा दिवस तेच छापत बसले होते. कळतं फक्त लिहून बघितल्यावर. यूजर प्रोग्रॅममध्ये फोर्क करा, मुलाला त्या पेजवर एक बाइट लिहू द्या आणि आईने तपासावं की मूल सिगसेगव्ह या सिग्नलने मेलं का. मूल सुखरूप परतलं, तर चाचणी नापास. सिग्नल हँडलर बसवलात, तर सिग्नलसोबत आलेला कारणाचा कोडही बघा. सेगव्ह-ॲकएरर म्हणजे जागा जोडलेली आहे पण परवानगी नाही, हेच आपल्याला हवंय. सेगव्ह-मॅपएरर म्हणजे तिथे काही जोडलेलंच नाही, म्हणजे तुमची चाचणी चुकीच्या पत्त्यावर लिहिते आहे. प्रॉकखालच्या मॅप्स फाइलमध्ये प्रत्येक भागापुढे चार खुणा असतात. त्यांत डब्ल्यू आणि एक्स एकाच ओळीत दिसले, तर तिथे थांबून विचार करा.

कर्नलमध्ये मी बूटच्या शेवटी प्रत्येक कोरवर एक चाचणी चालवते. ती बंद केलेल्या प्रत्येक भागात, दोन्ही वाटांनी, एक बाइट लिहायचा प्रयत्न करते. हँडलरला 'या इन्स्ट्रक्शनवर फॉल्ट अपेक्षित आहे' असं आधी सांगून ठेवलेलं असतं. फॉल्ट आला नाही, तर बूट तिथेच थांबतं.

फॉल्ट आला की दोन गोष्टी वाचा. सीआर२मध्ये पत्ता असतो, स्टॅकवर त्रुटीचा आकडा. त्या आकड्यात बिट ० म्हणजे पेज हजर होतं पण परवानगी नव्हती, बिट १ म्हणजे लिहिण्याचा प्रयत्न, बिट २ यूजर मोड, बिट ३ राखीव बिट लावलेला, बिट ४ कोड आणण्याचा प्रयत्न. म्हणून ३ म्हणजे कर्नलने बंद पेजवर लिहिलं. ७ म्हणजे तेच काम यूजरने केलं. २१ म्हणजे यूजरने 'चालवू नका' पेजवर उडी मारली. आकड्यात ८ मिसळलेला दिसला, तर परवानगीचा विचार सोडा आणि त्या कोरवर एनएक्सई लागला आहे का ते बघा.

सरळ जोडणीतली वाट बंद केल्यावर पुन्हा भार टाकला. चार मिनिटांत यंत्र थांबलं. आकडा ३. सीआर२मधला पत्ता सरळ जोडणीतला, टेबलाच्या पेजची अगदी सुरुवात. फॉल्ट आणणारी इन्स्ट्रक्शन माझ्याच ॲलोकेटरमधली होती. मोकळ्या फ्रेमचे ५१२ बाइटचे तुकडे पाडून प्रत्येकाच्या सुरुवातीला पुढच्या तुकड्याचा पत्ता लिहिणारी. पहिला तुकडा शून्याव्या बाइटवर, दुसरा ५१२व्या बाइटवर. ८ बाइटचा एक पॉइंटर, म्हणजे ५१२वा बाइट ही ६४ क्रमांकाची नोंद. शून्य क्रमांकाचा कॉल मी राखीव ठेवलेला आहे, तो कुणी बोलवत नाही, म्हणून तिथला बिघाड कधी दिसलाच नव्हता.

ॲलोकेटरला ती फ्रेम मोकळी वाटत होती, कारण लिंकर स्क्रिप्टमध्ये कुलूपबंद डेटाचा सेक्शन मी नंतर जोडला होता आणि 'कर्नल इथे संपतो' हा सिम्बॉल त्याच्या आधीच्या ओळीवर राहिला होता. तो एक ओळ खाली आणला.